भाग ४१ : देव, घर आणि लेकरं – सोनतळीच्या बंगल्यातली गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्येमध्ये आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि एकदा वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून केएमटीत बसला असाल, जिमला असाल किंवा रंकाळ्यावर फेऱ्या मारत असाल, स्वागत आहे.

आजचा भाग जरा घरचा आहे. दोन आठवडे करू की नको करत होतो. शेवटी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या दोघींना विचारलं. एक म्हणाली, “कर की दादा.” दुसरी काहीच बोलली नाही. आमच्या आईचं ‘काहीच न बोलणं’ म्हणजे होकार की नकार, हे सत्तावीस वर्षांत मला कळलेलं नाही. तरी करतोय.

सुरुवात ऑफिसपासून करतो.

सोमवारी संध्याकाळी कॉल नको

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहेच. कोल्हापुरातून घरून काम करतो आणि टीममधले काही लोक अमेरिकेत आहेत. त्यातला एक सीनियर युटा राज्यात राहतो. मागे आम्ही एक कॉल मंगळवारी सकाळी सातला ठेवला. आपली मंगळवारची सकाळ म्हणजे त्याची सोमवारची संध्याकाळ. त्यानं नम्रपणे कळवलं की सोमवारची संध्याकाळ सोडून कधीही ठेवा. रात्री बारालासुद्धा येतो म्हणाला, पण सोमवारी संध्याकाळी नाही.

कारण विचारल्यावर सांगितलं की तो मॉर्मन आहे. चार मुलांचा बाप. त्यांच्यात सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवतात. टीव्ही बंद, फोन बाजूला. सगळे एकत्र बसतात, प्रार्थना, थोडं वाचन, मुलांचे प्रश्न, मग खेळ आणि काहीतरी गोड. १९१५ साली त्यांच्या चर्चनं हे सांगायला सुरुवात केली, आणि १९७० पासून त्यासाठी सोमवार ठरला.

मला ते आवडलं. आपल्याकडं सगळे एका खोलीत असतात आणि चौघांचे चार रील चालू असतात.

मॉर्मन म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं हा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. पुढं त्यांचं मोठं केंद्र युटामध्ये झालं. दारू नाही, तंबाखू नाही, आणि कोल्हापूरकरांनो नीट ऐका, चहासुद्धा नाही, कॉफीसुद्धा नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुटुंब. त्यांची श्रद्धा अशी की मंदिरात लागलेलं लग्न मरणाबरोबर संपत नाही. नवरा, बायको, मुलं हे नातं मृत्यूनंतरही टिकतं.

ऐकायला छान वाटतं. पण तो एकदा सहज बोलून गेला, आणि ते माझ्या डोक्यात राहिलं. म्हणाला, “माझी मोठी मुलगी आता प्रश्न विचारते. उद्या ती हा धर्म सोडून गेली, तर लोकांना वाटेल फक्त मतभेद झालाय. मला वाटेल की मुलगी कायमची गेली.”

म्हणजे बघा. बाप कडक आहे किंवा मागासलेला आहे, असं काही नाही. त्याच्या श्रद्धेत ‘घर’ हीच सगळ्यात पवित्र गोष्ट आहे, म्हणून मुलीचा निर्णय त्याला इतका लागतो. जितकं प्रेम, तितकी भीती.

आणि हे ऐकताना मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

आमच्या घरात काय झालं

माझ्या धाकट्या बहिणीनं घरी सांगितलं की तिला एका मुलाशी लग्न करायचंय. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, इचलकरंजीचा आहे. जात वेगळी आहे.

बाबा पेपर वाचत राहिले. आई उठून आत गेली. त्याला आता तीन आठवडे झालेत. आई बहिणीशी बोलते, पण कामापुरतं. “डबा घेतलास का?” एवढंच.

आमची आई दर रविवारी जोतिबाला जाते. पाऊस असो, ऊन असो. गेल्या रविवारी मी गाडीवरून तिला डोंगरावर घेऊन गेलो. दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला, आणि पायऱ्या उतरताना ती म्हणाली, “देवाला काय तोंड दाखवू रे मी?”

मी बीटेक केलेला माणूस. माझ्याकडं उत्तर तयार होतं. आई, देवाचा काय संबंध, ही माणसांनी केलेली जात आहे, वगैरे. बोललोही. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला देव कळतो का?”

गप्प बसलो. कारण मला नाही कळत.

मग मी असा विचार केला की ज्याला देव कळत होता, जो देव सोडायला तयार नव्हता, आणि तरी ज्यानं स्वतःच्या घरात असे प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, असा कुणी आपल्या गावात झाला का? झाला की. त्याच्या पुतळ्याला वळसा घालून आपण रोज दसरा चौकातून जातो.

शाहू महाराज, पण घरातले

राजर्षी शाहू महाराज आपल्याला शाळेत शिकवतात ते यादीसारखे. जन्म २६ जून १८७४. १८८४ साली दत्तक, १८९४ साली राज्यकारभार हातात. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखीव. राधानगरी धरण. खासबाग मैदान. वसतिगृहं. ६ मे १९२२ ला मुंबईत निधन. संपला धडा.

पण मला आज बाप म्हणून, सासरा म्हणून, श्रद्धाळू माणूस म्हणून शाहू महाराज बघायचेत.

पहिली गोष्ट, ते नास्तिक नव्हते. अंबाबाई, जोतिबा, सण, संस्कार, हे सगळं त्यांच्या आयुष्यात होतं. त्यांचं धर्माशी पहिलं मोठं भांडण झालं ते धर्म नको म्हणून नाही, तर धर्मात आम्हाला पूर्ण हक्क का नाही म्हणून.

तेच वेदोक्त प्रकरण. १८९९ साली, कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. तिथं लक्षात आलं की भटजी जे मंत्र म्हणतायत ते वेदातले नाहीत, पुराणातले आहेत. त्या वेळच्या समजुतीप्रमाणं वेदातले मंत्र फक्त द्विजांसाठी, आणि शूद्रांसाठी पुराणोक्त. म्हणजे राजा असूनही पुरोहिताच्या लेखी तुम्ही शूद्र. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम तुमची, सर्व्हरचं बिल तुम्ही भरताय, आणि लॉगिन केलं की दिसतं ‘तुम्हाला परवानगी नाही’.

महाराजांनी वेदोक्ताचा हक्क मागितला. राजोपाध्यांनी नकार दिला. प्रकरण वाढलं, राजोपाध्यांची वतनं जप्त झाली, महाराष्ट्रभर वाद पेटला.

आता इथं एक फाटा होता. चिडून म्हणता आलं असतं, नको तुमचा देव. किंवा दमून म्हणता आलं असतं, जाऊ दे, चालतंय तसं चालू दे. महाराजांनी तिसरंच केलं. त्यांनी देव ठेवला आणि मधला माणूस बदलायला घेतला. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाचं काम सुरू झालं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सुरू केलेली ही चळवळ, जिचं म्हणणं होतं की देव आणि माणूस यांच्यात दलाल नको. १९१३ साली इथं सत्यशोधक शाळा निघाली, जिथं इतर जातींतल्या लोकांना लग्न, वास्तुशांत असे विधी कसे करायचे ते शिकवलं. १९२० साली मराठ्यांसाठी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूचं पीठही त्यांनी निर्माण केलं.

आईच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला इथं सापडला. “देवाला काय तोंड दाखवू” यात देव किती आणि लोक किती, हे वेगळं करून बघता येतं. जोतिबानं आईला काही विचारलेलं नाही. विचारणार आहेत ते गल्लीतले आणि भावकीतले.

पण थांबा. भावकीची भीती खोटी नसते. ती चेष्टेवारी नेऊ नका. आईच्या पिढीत माणूस अडला तर बँक येत नव्हती, भावकी येत होती. दवाखान्यात रात्र काढायला, तिरडी बांधायला, मुलीच्या लग्नात वाढायला तीच माणसं. आपल्याकडं ॲप आहेत, तिच्याकडं माणसं आहेत. ती माणसं तुटतील या भीतीला ती ‘देव’ म्हणते, कारण ‘मला एकटं पडायची भीती वाटते’ असं म्हणायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

लेकरू कुणाचं?

दुसरी गोष्ट, मूल कुणाच्या मालकीचं?

१९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यात एक कलम आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया.

विचार करा, राजा काय म्हणतोय. मूल तुमचं आहे, मान्य. त्याला काय खाऊ घालायचं, कुठल्या देवाला न्यायचं, तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याचं पुढचं आयुष्य बंद करायचा हक्क तुम्हाला नाही. आईबाप हे मुलाचे मालक नाहीत, राखणदार आहेत. हे शंभर वर्षांपूर्वी दंडाच्या पावतीवर लिहिलं गेलं.

त्याच धाग्यातले पुढचे कायदे बघा. १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार. १९१९ साली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना मान्यता. त्याच वर्षी बायकांना घरात क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा. १९२० साली देवाच्या नावानं मुली सोडायच्या प्रथेविरुद्ध, म्हणजे जोगतिणी-देवदासींच्या प्रश्नावर कायदा. तीन-चार वर्षांत हे सगळं. आणि प्रत्येक कायदा घराच्या उंबऱ्याच्या आत जातोय. आजही आपण म्हणतो, “आमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्ही मध्ये पडू नका.” महाराज नेमके तिथंच मध्ये पडत होते.

त्याच सुमारास, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू लग्नं कायदेशीर ठरवणारं विधेयक दिल्लीच्या कायदेमंडळात मांडलं होतं. देशभर त्याला जोरदार विरोध झाला आणि ते मंजूर झालं नाही. शाहू महाराजांचा त्याला पाठिंबा होता. दिल्लीत जे अडलं ते करवीर संस्थानात झालं.

आणि हे फक्त प्रजेला सांगायचं नव्हतं. मराठा आणि धनगर यांच्यात सोयरिकी व्हाव्यात म्हणून महाराजांनी इंदूरच्या होळकरांशी बोलणी केली. आपल्याच कागलकर घाटगे घराण्यातली मुलगी होळकरांच्या राजपुत्राला द्यायचं ठरवलं. ते लग्न त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांच्या मागे, १९२४ साली, ते झालं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या राजघराण्याच्या नात्यात जातीबाहेरचं लग्न झालं, आणि आमच्या घरात २०-२५ हजारांचा मोबाइल वापरणारे काका विचारतायत, “लोक काय म्हणतील?”

सोनतळी

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी. १९१७ च्या जूनमध्ये त्यांचं लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी झालं. सासरचं नाव इंदुमती. तिचं वय तेव्हा दहा.

बरोबर एका वर्षानं, जून १९१८ मध्ये, शिवाजी महाराज रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय एकोणीस. इंदुमती अकरा वर्षांची होती, आणि विधवा झाली.

अकरा म्हणजे पाचवी-सहावी. तुमची पाचवी आठवा.

त्या काळात राजघराण्यातल्या विधवेचं आयुष्य काय असायचं? गोषा. एक खोली, पांढरं लुगडं, पूजा, उपास, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं तशीच. वाड्यात खायला-प्यायला कमी नाही, पण दार बंद.

महाराजांचा पोटचा मुलगा गेला होता. ते दुःखातून कधी पूर्ण सावरले नाहीत असं म्हणतात. दुःखात माणूस जुन्या रितीला धरतो, कारण रीत सोपी असते, विचार करावा लागत नाही. पण या माणसानं काय केलं? सुनेला वाड्याच्या वातावरणातून बाहेर काढलं. गावाबाहेर सोनतळीच्या बंगल्यावर तिची राहायची, शिकायची सोय केली. शिक्षक ठेवले. एकटी पडू नये म्हणून सोबतीला इतर मुली ठेवल्या. वाड्यातल्या जुन्या वळणाच्या लोकांना हे पटलं नाही. घरातून विरोध झाला. महाराजांनी तो सोसला, पण शिक्षण थांबवलं नाही. तिनं पुढं डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात होतं.

सभेत भाषण करणं सोपं, कायदा करणं त्याहून अवघड, आणि स्वतःच्या घरातल्यांची नाराजी रोज जेवणाच्या ताटावर झेलणं सगळ्यात अवघड. ज्यांच्या घरी सध्या ते चालू आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

१९२२ साली महाराज गेले तेव्हा इंदुमती पंधरा वर्षांची होती. आधार गेला. डॉक्टर होणं राहिलं. पण तिनं अभ्यास सोडला नाही. १९२५ साली ती मॅट्रिक झाली. पुढं इंदुमती राणीसाहेब म्हणून कोल्हापुरात मुलींच्या आणि बायकांच्या शिक्षणासाठी काम करत राहिल्या. ‘ललित विहार’ ही त्यांनीच सुरू केलेली संस्था.

आता खटकणारा भाग

तुम्हाला वाटलं असेल की मी महाराजांची आरती ओवाळतोय. नाही. एक गोष्ट खटकते आणि ती बोललीच पाहिजे.

दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं कुणी? त्यांनीच. स्वतःच्या मुलीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं लग्नही १९०८ साली, चौदाव्या वर्षी, देवासच्या राजाशी झालं. आणि हे ‘त्या काळी कुणाला कळतच नव्हतं’ असंही नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ सालीच बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता. शाहू महाराजांची सासुरवाड बडोद्याची. त्यांना माहीत नसेल असं म्हणता येत नाही.

मग ढोंगी होते का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं माणूस आपल्या श्रद्धेतल्या, आपल्या रितीतल्या सगळ्या भिंती एकदम बघू शकत नाही. ज्या भिंतीवर डोकं आपटतं ती आधी दिसते. वेदोक्तात स्वतःचा अपमान झाला, ती भिंत दिसली. सुनेचं वैधव्य समोर आलं, ती दिसली. बालविवाहाची भिंत त्यांना तितकी टोचली नसावी.

माझ्या युटाच्या मित्राच्या पंथाचंही असंच आहे. एकेकाळी त्यांच्यात पुरुषाला अनेक बायका करायची मुभा होती. १८९० साली त्यांच्या अध्यक्षांनी ती थांबवली. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत त्यांच्यात पौरोहित्याचा अधिकार नव्हता. म्हणजे तिकडचं वेदोक्त प्रकरण, आपल्यापेक्षा ऐंशी वर्षं उशिरा सुटलेलं! त्यांच्या मंदिरातल्या लग्नाला बाहेरच्या धर्माचे आईबापसुद्धा आत बसू शकत नाहीत. आधी अमेरिकेत नियम असा होता की मंदिराबाहेर साधं लग्न लावलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबा. २०१९ साली तोही बदलला. आता आधी सगळ्यांसमोर लग्न आणि मग मंदिर, असं करता येतं. कारण काय? आईबाप लग्नाच्या दिवशी बाहेर ताटकळत राहायचे.

सांगायचा मुद्दा असा की, ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य कुठल्याच धर्मात कायमचं खरं नसतं. ‘आमच्यात अजून तरी असं आहे’, एवढंच खरं असतं.

हेरवाड

आणि हे सगळं राजांपुरतं नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे बंद. कोविडमध्ये तरुण माणसं गेली, तरुण पोरींवर ही वेळ आली, आणि गावाला ते बघवेना. ते वर्ष शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं.

लक्षात घ्या, हेरवाडच्या लोकांनी देव सोडलेला नाही. जत्रा होते, पालखी निघते. फक्त एका बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या नाहीत, एवढं ठरवलं. श्रद्धा तीच, वागणं बदललं. होतं की असं.

कायद्याचं दोन मिनिटांत

इनबॉक्समध्ये दर आठवड्याला हा प्रश्न येतो, म्हणून सांगून टाकतो.

मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. दोघे हिंदू असतील, जात कुठलीही असो, तर हिंदू विवाह कायद्यानं नेहमीच्या पद्धतीनं लग्न होतं. जातीची अट नाही. कायद्याच्या दृष्टीनं यात बौद्ध, जैन, शीखही येतात. धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, मग ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. त्या ३० दिवसांत आक्षेप घेता येतो, पण कायद्यात दिलेल्या कारणांवरच. वय कमी आहे, आधीचं लग्न कायम आहे, असं काही. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की दोन सज्ञान माणसं राजी असतील तर घरच्यांची किंवा जातीची परवानगी लागत नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायची व्यवस्था करायला सरकारांना सांगितलंय. महाराष्ट्रात जातपंचायतीनं वाळीत टाकणं हाही गुन्हा आहे, त्यासाठी २०१६ चा वेगळा कायदा आहे.

पण खरं सांगू? माझ्या बहिणीला हे सगळं पाठ आहे. तिला कायद्याची गरज नाही. तिला आई हवी आहे. आणि आई कुठल्याच कायद्यानं मिळत नाही.

आई काय म्हणाली

म्हणून मी हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी, काल रात्री, आईला ही सोनतळीची गोष्ट सांगितली. भाकरी थापत होती. मी ओट्यापाशी उभा. सगळं सांगितलं, वेदोक्तापासून इंदुमतीपर्यंत. मला वाटलं होतं की शेवटी आई म्हणेल, बरं बाबा, महाराजांनी केलं तर आपण काय मोठे.

असं काही झालं नाही.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, “आणि त्या पोरीला कुणी इचारलं का?”

म्हटलं, “काय?”

“लगीन लावताना इचारलं नाही. शिकवताना तरी इचारलं का, तुला काय व्हायचंय म्हणून? का तेबी सासऱ्यानंच ठरवलं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सगळी गोष्ट महाराजांच्या बाजूनं मला माहीत होती. इंदुमतीच्या बाजूनं मी एकदाही विचार केला नव्हता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “मलाबी कुणी इचारलं नव्हतं.” आणि पुढची भाकरी घेतली.

बस्स. एवढंच. मी काही बोललो नाही, ती काही बोलली नाही. जेवताना तिनं बहिणीच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाली, “इचलकरंजीत घर सोताचं हाय का भाड्याचं?” बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी आमटीकडं बघितलं.

होकार नाही हा. उद्या परत अबोला सुरू होऊ शकतो. बाबांचा पेपर अजून खाली आलेला नाही. काका तर अजून फोनवर यायचेत. पण तीन आठवड्यांनी आईनं त्या मुलाबद्दल एक प्रश्न विचारला, आणि तो जातीबद्दल नव्हता.

युटाच्या मित्राला आज मेसेज टाकला. म्हटलं, तुझ्या सोमवारच्या संध्याकाळी एक कर. मुलीच्या प्रश्नांची उत्तरं देण्याआधी तिला एकदा विचार, तुला काय वाटतं? त्यानं अंगठा पाठवलाय. बघू.

तुमच्याही घरात असा अबोला चालू असेल, तर एक सांगतो. मी तीन आठवडे आईला समजावत होतो. विचारलं एकदाही नव्हतं की तुला नेमकी भीती कशाची आहे. आपणही ‘न विचारणाऱ्या’ लोकांतच मोडतो की. त्यामुळं आज फोन ठेवलात की आईला, बाबांना, आजीला, ज्यांच्याशी अडलंय त्यांना एक प्रश्न विचारा. उत्तर आवडलं नाही तरी पूर्ण ऐका. आणि जमलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पुढच्या भागात घेऊ.

पुढच्या रविवारी मी आईला घेऊन परत जोतिबाला चाललोय. बहीण पण येते म्हणालीय. एका गाडीवर तिघं बसत नाहीत, त्यामुळं एसटीनं जाऊ.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. चांगभलं!